जुगार राज्याचा, नाणं केंद्राचं, गल्ली कुणाची?

बेळगावात क्रिप्टो आणि जुगार हे दोन शब्द एका दमात उच्चारले गेले की वादाचे दोन तट ठरलेले असतात. एक म्हणतो, हे क्रिप्टोचं खूळ मुळासकट बंद करा, पोरं वाचतील. दुसरा म्हणतो, इंटरनेटवरचं नाणं कुणाच्या बापाला अडवता येत नाही. परवाना द्या, कर वसूल करा आणि मोकळे व्हा. दोन्हीकडं आवाज मोठा आणि नजर भलतीकडं. पहिल्याची नजर नाण्यावर, आणि ते ट्रॉन नाहीतर इथेरियम अशा संगणकांच्या जाळ्यावर फिरतं. दुसऱ्याची साइटवर, आणि ती कुरासाओसारख्या बेटाचा परवाना दाखवते. दोन्हींपर्यंत इथल्या फौजदाराचा, बँक मॅनेजरचा, आमदाराचा हात पोचत नाही. तो पोचतो एकाच जागी: रुपयाचं नाणं होतं तिथं, आणि नाण्याचा परत रुपया होतो तिथं. ही जागा गल्लीत असते. जुगारातल्या क्रिप्टोचं नियमन करायचं तर ते या अदलाबदलीचं करावं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यासाठी लागणारा बहुतेक कायदा आज पुस्तकात आहे. तो वापरायची रीत तेवढी नाही.

आधी व्यवहार कसा होतो ते नीट बघू, कारण वादातल्या निम्म्या चुका इथंच होतात. लोकांना वाटतं, खेळणारा पोरगा मोबाईलवर बिटकॉइन घेतो आणि लावतो. तसं करणारेही आहेत, पण सट्ट्याच्या नेहमीच्या साखळीत खेळणाऱ्याच्या हाती क्रिप्टो येतच नाही. त्याला मिळतो सट्ट्याच्या साइटचा आयडी, पासवर्ड आणि खात्यात पॉइंट. पैसे तो एजंटाला रोख देतो नाहीतर यूपीआयनं, आणि तेही पुष्कळदा एजंटाच्या नावावर नसलेल्या खात्यात. एजंटाच्या वर मास्टर, त्याच्या वर सुपर मास्टर. हिशोब आठवड्याचा. समजा, एजंटाची गिऱ्हाइकं आठवड्यात तीन लाख हरली. आपलं कमिशन ठेवून उरलेली रक्कम त्याला वर पोचवायची आहे. पूर्वी हे काम हवालावाला करायचा: दहाच्या नोटेचा नंबर फोनवर कळवायचा, पलीकडं तीच नोट दाखवणाऱ्याच्या हातात रक्कम पडायची. आज त्या नोटेच्या जागी 'टी' या अक्षरानं सुरू होणारा चौतीस अक्षरांचा ट्रॉनचा पत्ता, म्हणजे नाणी ठेवायच्या खात्याचा नंबर, आला आणि रकमेच्या जागी यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं टेथर कंपनीचं नाणं. चहा पिऊन होईतो हिशोब चुकता. म्हणजे क्रिप्टो इथं जुगाऱ्याचं चलन कमी आणि बुकींच्या आपसातल्या देण्याघेण्याचं साधन जास्त आहे. हे एकदा ध्यानात आलं की 'पोरांना क्रिप्टोपासून लांब ठेवा' या उपदेशात फारसं काही उरत नाही. पोराला क्रिप्टो कळत नाही, आणि हरायला ते कळावं लागत नाही.

कायद्यानं जुगाराच्या वस्तूमागं धावायचं हा प्रकार जुना आहे. मुंबई प्रांताचा जुगारबंदी कायदा १८८७ चा. त्यातली जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या आणि आपल्याकडचं कर्नाटक पोलीस कायद्याचं ७८ वं कलम शेजारी ठेवून वाचावं. कापसाचा भाव, त्या भावातले आकडे, सोनं-चांदी, इतकंच काय पाऊस पडेल की नाही, हे सगळं तिथं नावानिशी आहे. का लिहावं लागलं असेल? लोक त्या त्या गोष्टीवर पैसे लावत होते म्हणून. एक वस्तू कायद्यात आली की दुसरी बाजारात यायची. मटक्याची कूळकथा हीच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१ मध्ये ती सोय थांबली. जुगार थांबला का? १९६२ साली कल्याणजी भगतनं वरळीत आपला आकडा काढला, १९६४ मध्ये रतन खत्रीचा आला. परदेशी भावाच्या जागी पत्त्यांची तीन पानं आली: पंजी, तिर्री, छक्की, बेरीज चौदा, शेवटचा अंक चार, तो ओपन. आपल्या भागात कानडी माणूस मटक्याला 'ओसी' म्हणतो ते याच ओपन-क्लोजवरून. न्यूयॉर्कचे भाव यायचे थांबून साठ वर्षं उलटली, त्या बाजाराचे दोन शब्द मात्र पानटपरीच्या आडोशाला अजून जिवंत आहेत. कर्नाटकानं २००७ साली लॉटरी बंद केली, तेव्हा महाराष्ट्राची चालूच होती; ज्याला तिकीट हवंच त्याला निपाणीहून कागल वीस-बावीस किलोमीटर. सीमेवरच्या माणसाला बंदीचा अर्थ कुणी शिकवायला नको. बंदी म्हणजे त्याच्या लेखी एसटीचं भाडं.

मग काहीच करता येत नाही? येतं, आणि त्याचा दाखला या दोन राज्यांच्या इतिहासातच आहे. पन्नासच्या दशकात आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची स्पर्धा चालायची. कंपनी म्हैसूर राज्यातली, साप्ताहिक बेंगळुरूत छापलेलं, पण अंक आणि कूपनं खपायची मुंबई राज्यात, जिथं तेव्हा बेळगावही होतं. मुंबई सरकारनं १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करून अशा बाहेर छापलेल्या स्पर्धांनाही परवाना आणि कर लागू केला. कंपनी म्हणाली, आम्ही परराज्यातले, तुमचा आमच्याशी संबंध काय? सर्वोच्च न्यायालयानं ९ एप्रिल १९५७ ला दिलेलं उत्तर आजही तितकंच कामाचं आहे. चालवणारा बाहेरचा असेल, पण प्रवेश-फी गोळा करणारे डेपो मुंबई राज्यात आहेत, पैसे तिथं भरले जातात, खेळणारे तिथले आहेत. राज्याचा अधिकार चालायला एवढा धागा पुरे. त्याच निकालात न्यायालयानं जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काबाहेर काढलं. (निकाल आला तोवर बेळगाव म्हैसूर राज्यात जाऊन पाच महिने झाले होते. आपल्या नशिबी निकाल नेहमी उशिराच.) मुद्दा हा की त्या काळच्या सरकारनं बेंगळुरूचा छापखाना बंद पाडायचा हट्ट धरला नाही, डेपो धरला. आजचा डेपो म्हणजे रुपये घेऊन यूएसडीटी देणारा आणि यूएसडीटी घेऊन रुपये देणारा माणूस.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करू. बंदीवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा नीतीचा नसून वेगाचा आहे, आणि तो ते स्वतःच नीट मांडत नाहीत. क्रिप्टो कॅसिनोवाले सांगतात की आमचा खेळ मटक्यापेक्षा प्रामाणिक आहे, आणि आकड्यांत ते खोटं नाही. मटक्याच्या सिंगलला दहा अंकांत एक अंक, आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ. म्हणजे बुकीचा वाटा दहा टक्के. क्रिप्टोवरच्या फाशांच्या खेळात घराचा, म्हणजे साइटचा, वाटा अनेकदा एक टक्का. शिवाय निकाल तपासता येतो: साइट आपल्या गुप्त बीजाचा, म्हणजे निकाल ठरवणाऱ्या लपवलेल्या अक्षरमाळेचा, एसएचए-२५६ ठसा (गणितानं काढलेली खूण) आधी दाखवते, तुमचं बीज आणि डावाचा क्रमांक त्यात मिसळून आकडा निघतो, बीज बदललं की जुनं उघड होतं आणि ठसा जुळतो का ते कुणीही पडताळू शकतो. पण जरा हिशोब करा. मटक्यावर दिवसातून दोनदा दहा रुपये लावणारा सरासरी दोन रुपये घालवतो. फाशांवर बोट न लावता आपोआप डाव टाकायचं बटण असतं. तासाला पाचशे डाव, दर डावाला दहा रुपये, उलाढाल पाच हजार, त्याचा एक टक्का पन्नास रुपये. रात्री तीन तास बसला की दीडशे. वाटा दहापट कमी, तोटा पंचाहत्तरपट जास्त. आकडा कुणी बदलला नाही एवढंच तो ठसा सिद्ध करतो. जिंकलेली रक्कम काढायला गेल्यावर अचानक आधार, पॅन, राहत्या घराचा पुरावा मागून महिनाभर लटकवणार नाहीत, याची हमी कुठलाही ठसा देत नाही. तेव्हा 'प्रामाणिक जुगाराला परवाना द्या' या मागणीला माझा पाठिंबा नाही. पण यातून क्रिप्टोबंदी निघते का? वेग आयडी आणि पॉइंटमध्ये आहे. ते पॉइंट रुपयांत घेतले काय किंवा यूएसडीटीत, बोट तितक्याच वेगानं चालतं.

दुसऱ्या बाजूचा भक्कम मुद्दा माग काढण्याचा. हवालावाल्याची वही जाळली की संपलं. ब्लॉकचेनवरची, म्हणजे नाण्यांच्या सगळ्यांना दिसणाऱ्या वहीतली, नोंद पुसता येत नाही. हे खरं आहे, आणि पोलिसांनी अजून याचा पुरता फायदा घेतलेला नाही. कॅसिनो प्रत्येक गिऱ्हाइकाला पैसे भरायला वेगळा पत्ता देतो, म्हणून पत्त्यांची काळी यादी करत बसणं म्हणजे चाळणीनं पाणी भरणं. पण त्या सगळ्या सुट्ट्या पत्त्यांवरचे पैसे ठरावीक वेळानं एका मोठ्या वॉलेटात, म्हणजे नाण्यांच्या पाकिटात, ओढले जातात. ट्रॉनवर यूएसडीटी हलवायला फी लागते ती टीआरएक्स या वेगळ्या नाण्यात, आणि सुट्ट्या पत्त्यांवर टीआरएक्स नसतं. ते कुठून तरी आधी पुरवावं लागतं. हा पुरवठा करणारा पत्ता सापडला की वेगवेगळे दिसणारे शेकडो पत्ते एका माळेत येतात. मात्र या माळेच्या शेवटी पत्ताच मिळतो, माणूस मिळत नाही. पत्त्याला नाव चिकटतं ते फक्त केवायसी केलेल्या एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीत, किंवा बँक खात्यावर. म्हणजे माग काढण्याचा मुद्दा मान्य केला तरी आपण परत त्याच जागी येतो, अदलाबदलीच्या काउंटरवर.

या काउंटरवर कुणाचा अधिकार? इथं खरी मेख आहे, आणि वादात ती कुणी काढत नाही. राज्यघटनेत सट्टा आणि जुगार राज्यसूचीत, ३४ वी नोंद. चलन आणि परकीय चलन केंद्रसूचीत ३६ वी, बँकिंग ४५ वी. जुगार पकडायचा तर राज्याच्या पोलिसानं; एक्स्चेंजकडून माहिती येते ती केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडं, म्हणजे एफआययूकडं. एकाला बुकी माहीत, त्याचं वॉलेट माहीत नाही. दुसऱ्याला वॉलेट माहीत, बुकी माहीत नाही. सीमाभागात यावर आणखी एक फोडणी: खेळणारा खानापूरचा, एजंट चंदगडचा, खातं सांगलीच्या कुणाचं, आणि अधूनमधून चोर्ला घाटानं गोव्याच्या कॅसिनोत जाणं, जिथं सरकारी परवान्यानं सगळं राजरोस. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आयडी पुरवणाऱ्यानं सीमा केव्हाच पुसली.

'क्रिप्टोबद्दल कायदाच नाही' हे वाक्य दोन्ही तट आनंदानं म्हणतात. ते खोटं आहे. कर्नाटकानं २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा जुगाराच्या व्याख्येतच टोकन आणि आभासी चलन घातलं होतं. उच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २०२२ ला ती दुरुस्ती रद्द केली, पण क्रिप्टोमुळं नव्हे. कौशल्याचे आणि नशिबाचे खेळ एकाच दावणीला बांधले म्हणून. केंद्रानं १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस लावला. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं क्रिप्टोची अदलाबदल करणारे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले. २०२३ मध्येच जीएसटी कायद्यात ऑनलाइन मनी गेमिंगची व्याख्या करताना आभासी डिजिटल मालमत्तेनं लावलेले पैसेही धरले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन मनी गेमवर सरसकट बंदीचा कायदा केला. पैशाच्या बदल्यात मिळणारं टोकन, नाणं, क्रेडिट काहीही पणाला लावलं तरी तो मनी गेम. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि व्यवहाराला हात लावणाऱ्या बँकेला किंवा इतर कुणालाही तीच शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे शहाणपणाचं आहे. गुन्हेगार ठरायच्या भीतीनं गप्प बसलेला माणूस एजंटाविरुद्ध तक्रार कधीच देत नाही.

इथं कुणी विचारेल, बंदीच झाली तर नियमनाची चर्चा कशाला? उलट आहे. बंदीनंतर देशी ॲप्स गेली, त्यांचे पेमेंट गेटवे गेले. उरलं ते परदेशी साइट आणि गल्लीतला एजंट, आणि या दोघांना जोडणाऱ्या वाटांपैकी बँकेला न दिसणारी सर्वांत सोपी वाट यूएसडीटीची. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आपल्याकडं वरचेवर दिलं जातं: तिथं ११ जून २०२४ पासून ऑनलाइन सट्ट्याला क्रेडिट कार्ड आणि डिजिटल चलन दोन्ही बंद. पण तिथं परवानाधारक कंपन्या आहेत, आणि हुकूम त्यांना आहे. आपण सगळ्यांनाच बेकायदा ठरवलं. आता हुकूम ऐकायला समोर कोण आहे?

समोर आहे तो पीटूपी विक्रेता, म्हणजे गिऱ्हाइकाला थेट नाणी विकणारा माणूस. त्याचं काम बघा. एक्स्चेंजच्या ॲपवर तो जाहिरात टाकतो: यूएसडीटी विकणे आहे. भाव बँकेतल्या डॉलरपेक्षा काही रुपये चढा. खरेदीदारानं ऑर्डर दिली की विक्रेत्याची नाणी एक्स्चेंजच्या ताब्यात अडकतात, खरेदीदार यूपीआय किंवा आयएमपीएसनं रुपये भरतो, 'पैसे भरले' दाबतो, विक्रेता खातं बघून नाणी सोडतो. साधंसोपं. घोळ होतो तो पैसे कुणाच्या खात्यातून आले इथं. ऑर्डर एका नावानं आणि रुपये तिसऱ्याच नावानं आले, तर ते पुष्कळदा कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. केरळात कुणी निवृत्त माणूस फसतो, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग पहिला लेयर, दुसरा लेयर, म्हणजे एका खात्यातून पुढच्या खात्यात, असा काढत पोलीस तिसऱ्या लेयरला बेळगावच्या खात्यापर्यंत येतात, आणि खातं गोठतं. विक्रेता म्हणतो, मी तर नाणी विकली. खरंही असेल. पण त्याचा पगार, गाडीचा हप्ता, आईच्या औषधाचे पैसे सगळे त्यात अडकले, आणि सोडवायला जायचं परराज्यातल्या ठाण्यात. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं की पोलिसांनी कळवलेल्या वादग्रस्त रकमेपुरतंच खातं अडवावं. हे तत्त्व देशभर सक्तीचं व्हायला हवं. दया म्हणून मी हे म्हणत नाही. अख्खं खातं गोठायची भीती असली की प्रामाणिक विक्रेता हा धंदा सोडतो, आणि मागं राहतो भाड्याच्या खात्यांवर चालणारा.

मग या विक्रेत्याला कायद्याच्या कक्षेत आणायचं कसं? २०२३ ची अधिसूचना अदलाबदल करणाऱ्याला लागू आहे, पण अट अशी की ते काम दुसऱ्या कुणासाठी किंवा त्याच्या वतीनं, व्यवसाय म्हणून केलेलं असावं. विक्रेता म्हणतो, मी माझीच नाणी विकतो. एवढ्या एका वाक्यानं तो सुटतो. ही फट बुजवायला संसदेचा नवा कायदा नको. महिन्याला अमुक अनोळखी लोकांशी किंवा अमुक रकमेवर अदलाबदल केली तर तो व्यवसायच, एवढी व्याख्या पुरे. माझ्या मते वीस माणसं किंवा दहा लाख रुपये, यातलं जे आधी होईल ते. त्याखालचा कॉलेजचा पोरगा पाच-दहा हजारांची नाणी विकत असेल तर त्याच्यामागं लागण्यात काही हशील नाही. वरच्यानं नोंदणी करावी, तिसऱ्या नावानं आलेला पैसा परत पाठवावा, पाच वर्षं नोंदी ठेवाव्यात. यात जुलूम काय आहे? आपल्याकडं पिग्मी गोळा करणारा रोज दुकानोदुकानी फिरून रोख घेतो. उडुपीत १९२८ साली सिंडिकेट बँकेनं सुरू केलेली ही पद्धत आज इथल्या पतसंस्थांचा कणा आहे. पिग्मीवाल्याकडं पावती असते, त्याच्यावर संस्था असते, संस्थेवर निबंधक असतो. त्यानं वीस वर्षं ओळखीच्या भाजीवाल्याकडून घेतलेल्या पन्नास रुपयांची नोंद लागते, आणि अनोळखी माणसाकडून पाच लाख घेऊन नाणी देणाऱ्याची नको?

सर्वांत टोकदार आक्षेप राहिला. काउंटर घट्ट केलं तर माणसं हवालाकडं परत जातील, नाहीतर रोखीनं हातोहात यूएसडीटी घेतील. जातील, काही जातील. आपणच त्यांना तिकडं ढकलण्याचा एक प्रयोग केला आहे. एक टक्का टीडीएस दिसायला किरकोळ. पण लाखभर रुपये दहा वेळा फिरवले की हातात खेळतं भांडवल सुमारे ९०,४०० उरतं. बाकीचं विवरणपत्र भरल्यावर कराशी जुळवून मिळायचं ते मिळतं, पण तोवर अडकलेलं. नोंदणीकृत एक्स्चेंजवर हे कापलं जातं, गल्लीतल्या रोखीच्या सौद्यात कुणी कापत नाही. जिथं नाव कळतं तिथून गिऱ्हाइकाला हाकललं, जिथं कळत नाही तिथं त्याचं स्वागत. माग काढण्यासाठी कापायचं तर ०.०१ टक्काही तेवढाच माग देतो. अमेरिकेनं २००६ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या पैशाची वाट अडवणारा कायदा केला, तेव्हाही पळवाटा निघाल्याच. पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या साइटवरच्या एप्रिल २०११ च्या खटल्यात जुगाराची पेमेंट गोल्फचे चेंडू आणि दागिने विकल्याच्या नावाखाली बँकेतून काढल्याचा आरोप होता. पण त्या बड्या साइट अमेरिकेपुरत्या बंद पडल्या त्या या पैशाच्या वाटेवरच पकडल्या गेल्यामुळं. पळवाट महाग पडणं हेच तर नियमनाचं फळ. एजंटाला वर रक्कम पोचवायला आज फुटकळ फी पडते. ती चार-पाच टक्के पडू लागली तर त्याचं कमिशन तितकं आटतं, आणि नव्या पोराला एजंट व्हायची हौस तितकी कमी होते. आकडा लावणाऱ्याची हौस तशीच राहील, हे कबूल.

राहिली पोलिसांची बाजू, आणि इथं मात्र कायद्यापेक्षा हातोटीचा प्रश्न आहे. २०२१ मध्ये बेंगळुरूतल्या बिटकॉइन प्रकरणात जप्त नाण्यांचं नेमकं काय झालं यावरून राज्याचं राजकारण महिनोन्महिने तापलं, ते उगीच नव्हे. मटक्याच्या धाडीत चिठ्ठ्या, कार्बन, रोख आणि मोबाईल पंचनाम्यात आला की जप्ती झाली. वॉलेटचं तसं नसतं. मोबाईल ताब्यात घेतला म्हणजे नाणी ताब्यात आली नाहीत. बारा किंवा चोवीस शब्दांची परवली ज्याच्याकडं असेल तो दुसऱ्या गावात बसून वॉलेट रिकामं करतो. म्हणून पंचांसमक्ष लगेच ठाण्याच्या वॉलेटात नाणी वळवावी लागतात आणि व्यवहाराचा चौसष्ट अक्षरांचा क्रमांक, वेळ, दोन्ही पत्ते पंचनाम्यात उतरवावे लागतात. पत्त्याची फक्त पहिली-शेवटची चार अक्षरं बघून चालत नाही, कारण तशाच टोकांचा पत्ता मुद्दाम बनवून वॉलेटच्या यादीत घुसवायची युक्ती जुनी झाली. परवलीच्या शब्दांचा फोटो पंचनाम्याला जोडणं ही सर्वांत भोळी चूक: पंचनाम्याच्या प्रती किती हातांत फिरतात ते कोर्टाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्याला विचारा. नाणी आधीच निसटली असतील आणि ती यूएसडीटी असतील तर एक दार उघडं असतं, टेथर कंपनीला पत्ता गोठवता येतो. पण त्यासाठी अर्ज नीट कागदांनिशी आणि तासाभरात जायला हवा, आठवड्यानं नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात सीईएन ठाणं, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं ठाणं, आहेच. तिथं एफआययूशी थेट बोलणारा एक ठरलेला माणूस आणि कोल्हापूर, सिंधुदुर्गच्या सायबर विभागात त्याचा जोडीदार, एवढं झालं तरी चंदगडच्या एजंटाचं 'ते तर महाराष्ट्रात' हे उत्तर निकामी होतं. आणि धाडीला निघण्याआधी ठाण्याच्या वॉलेटात थोडे टीआरएक्स आहेत ना, ते बघून घ्यावं. आरोपीच्या वॉलेटात लाखो रुपयांची यूएसडीटी असतात आणि फीपुरतंही टीआरएक्स नसतं. मग पंच घड्याळ बघत बसतात, नाणी जागची हलत नाहीत, आणि तिकडं परवली माहीत असलेला दुसरा माणूस आपले टीआरएक्स आधी पाठवतो.